उन्हाळ्यात बागेतील फुलपाखरे आणि कीटक टिपताना : लेन्स, प्रकाश आणि वेळ

वेलांटी

नमस्कार. बागेत येणारी फुलपाखरे, चतुर, भुंगेरे, माश्या यांची छायाचित्रे काढण्याचा नाद मला अलीकडे लागला आहे, आणि सध्या उन्हाळा असल्यामुळे दिवसभर कुठल्या ना कुठल्या फुलावर काहीतरी बसलेले असतेच. पक्ष्यांची किंवा माणसांची छायाचित्रे काढताना जे ठोकताळे कामी येतात, ते एवढ्या लहान जिवांच्या बाबतीत फारसे चालत नाहीत असे दिसते, म्हणून येथील जाणकारांना विचारावेसे वाटले.

माझा कॅमेरा एपीएस-सी आकाराच्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या चिपचा), २४ मेगापिक्सेलचा आहे. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची लेन्स आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स एवढेच साहित्य माझ्यापाशी आहे. झूम लेन्स दीड मीटरच्या आत फोकस होत नाही आणि तिचे कमाल मॅग्निफिकेशन (वस्तूच्या खऱ्या आकाराच्या तुलनेत सेन्सरवर उमटणारा आकार) ०.२५ असल्याचे माहितीपत्रकात दिले आहे. अडचणी अशा आहेत, की पंख उघडून बसलेल्या फुलपाखराचा एक पंख रेखीव येतो आणि दुसरा धूसर. जवळ जावे तर ते हमखास उडते. दुपारच्या उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि पांढऱ्या फुलपाखराचे पंख इतके जळून जातात, की त्यांवरच्या शिराही दिसत नाहीत. लेडीबर्डसारखा लहानसा भुंगेरा असेल, तर तो चौकटीत ठिपक्याएवढाच उमटतो.

यासाठी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपण्यासाठीची) घ्यावीच लागेल का, आणि घ्यायची झाल्यास किती फोकल लेंग्थची (मिमीची) घ्यावी? फ्लॅश वापरावा की नैसर्गिक प्रकाशावरच भागवावे? फुलपाखराच्या जवळ जाण्याची काही रीत असते का? सविस्तर लिहिलेत तर आभारी राहीन.

भिंगवाला

वेलांटी, नव्या लेन्सचा विचार करण्याआधी हातातल्या लेन्सचा हिशेब मांडून पाहावा, कारण फुलपाखरांपुरते बोलायचे तर तुमची ७०-३०० मिमीची लेन्स तुम्हाला वाटते तितकी अपुरी नाही. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी असते. पंख पसरल्यावर ५० मिमी भरणारे मध्यम आकाराचे फुलपाखरू ०.२५ मॅग्निफिकेशनला सेन्सरवर १२.५ मिमी जागा व्यापते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा निम्म्याहून अधिक भाग त्यानेच भरतो. त्यापेक्षा जास्त भरवण्याची हौस बहुतेकदा अंगाशी येते. मिशांची टोके कापली जातात आणि ते कोणत्या फुलावर बसले आहे हेही कळेनासे होते. ७ मिमीचा लेडीबर्ड भुंगेरा मात्र त्याच मॅग्निफिकेशनला जेमतेम पावणेदोन मिमीचा उमटतो. तेव्हा जादा साधनाची खरी गरज आहे ती भुंगेरे आणि माश्या यांच्यासाठी, फुलपाखरांसाठी नव्हे.

ती गरज भागवण्याचा सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे झूम लेन्सच्या तोंडावर फिल्टरप्रमाणे बसणारी क्लोज-अप लेन्स. तिची शक्ती डायऑप्टरमध्ये मोजतात. +२ डायऑप्टरची क्लोज-अप लेन्स लावून मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर ५० सेंमी अंतरावरील वस्तू स्पष्ट दिसते, आणि मॅग्निफिकेशन काढण्यासाठी मूळ लेन्सच्या फोकल लेंग्थला ५०० मिमीने भागायचे. ३०० मिमीला ते ०.६ येते. अर्धा मीटर लांब राहून एवढे मॅग्निफिकेशन मिळणे ही कीटकांच्या बाबतीत चैनच म्हणावी लागेल. घेताना ती दोन भिंगे जोडून केलेल्या ॲक्रोमॅट प्रकारातलीच घ्यावी, कारण एकाच भिंगाच्या साध्या क्लोज-अप लेन्सने कडांना जांभळ्या-हिरव्या किनारी येतात आणि टेलिफोटोवर त्या फारच खुपतात. कॅननची ५००डी ही या प्रकारातील +२ डायऑप्टरची लेन्स असून आट्यांचा व्यास जुळला तर ती कोणत्याही कंपनीच्या लेन्सवर बसते. रेनॉक्सची २५० ही +८ डायऑप्टरची आहे, पण तिच्यासाठी किड्याच्या १२-१३ सेंमी जवळ जावे लागते, आणि नवख्याने तिच्यापासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे.

कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या एक्स्टेन्शन ट्यूबचे (पोकळ नळीचे) गणित नेमके याच्या उलट चालते. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढे मॅग्निफिकेशन तिने वाढते, त्यामुळे २५ मिमीची ट्यूब ५० मिमीच्या लेन्सवर ०.५ ची भर घालते, तर ३०० मिमीच्या लेन्सवर ०.१ चीसुद्धा नाही. म्हणून लांब लेन्सला क्लोज-अप लेन्स आणि आखूड लेन्सला ट्यूब, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पुढेमागे मॅक्रो लेन्स घेतलीत, तर ९० ते १०५ मिमीच्या दरम्यानची घ्यावी. सगळ्याच १:१ लेन्स (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकारात उमटवणाऱ्या) एकसारखे मॅग्निफिकेशन देतात. फरक पडतो तो लेन्सचे तोंड आणि कीटक यांच्यामध्ये उरणाऱ्या अंतरात. माहितीपत्रकात दिलेले किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेले असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ३० सेंमी असे लिहिलेल्या १०० मिमीच्या लेन्सच्या तोंडापुढे प्रत्यक्षात १४ सेंमीच्या आसपास जागा उरते, आणि ६० मिमीच्या लेन्समध्ये ती १० सेंमीच्याही आत जाते. तेवढ्यात लेन्सची स्वतःची सावलीच कीटकावर पडू लागते.

आता धूसर पंखाविषयी. मॅग्निफिकेशन वाढते तशी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणाऱ्या थराची जाडी, झपाट्याने घटते. तुमच्या सेन्सरवर ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ आणि मॅग्निफिकेशन ०.२५ असताना ती साधारण ६ मिमी असते, ०.५ ला २ मिमीच्या थोडी आत येते, आणि १:१ ला पाऊण मिमीसुद्धा उरत नाही. ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करून ती वाढवावी असे वाटते खरे, परंतु जवळच्या अंतरावर परिणामकारक ॲपर्चर हे लिहिलेल्या आकड्यापेक्षा लहान होते. १:१ ला एफ/८ हे एफ/१६ सारखे वागते आणि एफ/१६ हे एफ/३२ सारखे, त्यामुळे डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडते. ०.२५ च्या आसपास एफ/८ ते एफ/११ आणि १:१ ला फार तर एफ/११, यापलीकडे मी तरी जात नाही.

पाकोळी

भिंगवाला यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे. फक्त त्यात फुलपाखराची बाजू यायची राहिली आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक चित्रे तिथेच घडतात किंवा बिघडतात. कोणते फुलपाखरू किती वाजता काय करत असते हे कळू लागले, की लेन्सचा प्रश्न आपोआप मागे पडतो.

फुलपाखराच्या उड्डाणस्नायूंना काम करण्यासाठी छातीचे तापमान साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते, आणि ही ऊब ते स्वतःच्या शरीरात फारशी निर्माण करत नाही, उन्हातून घेते. त्यामुळे सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत ते उडण्यापेक्षा ऊन खात बसणे पसंत करते, आणि जवळ जाण्याची संधी असते ती याच वेळी. ऊन खाण्याच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. पुष्कळ जाती पंख सपाट उघडून पाठ उन्हाकडे करतात. गवती पिवळ्या फुलपाखरांसारख्या काही जाती पंख मिटूनच बसतात आणि मिटलेल्या पंखांची एक बाजू सूर्याकडे धरतात. त्यांच्या पंखांची वरची बाजू बसलेल्या अवस्थेत दिसण्याची वाट पाहत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे होय. स्किपर गटातील (जाड अंगाच्या, झटक्यात उडणाऱ्या लहान फुलपाखरांच्या) अनेक जाती मागचे पंख आडवे पसरतात आणि पुढचे तिरके उभे ठेवतात. तिथे काहीही केले तरी चारही पंख एका पातळीत येत नाहीत, म्हणून डोळा आणि मिशा रेखीव आल्या तरी समाधान मानावे.

यावरूनच तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर निघते. डेप्थ ऑफ फील्ड सहा मिमी असेल, तर तेवढ्या जाडीच्या पातळ थरात फुलपाखरू बसवायचे आहे. पंख मिटलेले असतील, तर त्याच्या बरोबर बाजूला यावे आणि कॅमेऱ्याची मागची बाजू पंखांना समांतर धरावी. मग एफ/८ लासुद्धा मिशीपासून शेपटीपर्यंत सगळे रेखीव येते. पंख उघडे असतील, तर कॅमेरा वरून, पाठीच्या सरळ रेषेत यावा लागतो. पडद्यावर पाहून ही समांतरता कळत नाही असे वाटत असेल, तर एक खूण सांगतो : मिटलेल्या पंखांमध्ये पलीकडच्या पंखाची वरून डोकावणारी कड दिसत असेल, तर आपण थोडे उंचावर आहोत, गुडघे वाकवून कॅमेरा खाली घ्यावा, म्हणजे दोन्ही पंखांच्या कडा एकमेकींमागे लपतात. एवढ्या दोन-तीन सेंमीच्या हालचालीने चित्र पालटते, आणि पार्श्वभूमीतली खुपणारी काटकीसुद्धा पुष्कळदा त्याच हालचालीत बाजूला जाते.

जवळ जाण्याविषयी. कीटकांच्या संयुक्त डोळ्यांना बारकावे आपल्याइतके दिसत नाहीत, पण हालचाल मात्र फार चटकन जाणवते, आणि तीही आडवी हालचाल अधिक. म्हणून बाजूने फेरा मारत न जाता त्याच्याकडे सरळ रेषेत, कॅमेरा आधीच डोळ्याला लावून, सावकाश पुढे सरकावे. उभे राहून वरून झेपावल्यासारखे जाऊ नये; आकाशाच्या उजेडापुढे आपली आकृती हलली, की तो भक्षक असल्याचाच इशारा असतो. तुमची सावली त्याच्यावरून गेली तर पुढचे सगळे प्रयत्न वायाच जातात, त्यामुळे सूर्य कुठे आहे हे पाहूनच वाट निवडावी. ज्या झुडपावर ते बसले आहे त्याच्या फांदीला गुडघा किंवा पिशवीचा पट्टा लागू नये, कारण पायांना जाणवणारा हादरा त्याला डोळ्यांइतकाच सावध करतो. पहिले चित्र लांबूनच घ्यावे, मग दोन पावले पुढे जाऊन दुसरे घ्यावे. उडालेच, तर निदान एक तरी पदरात पडलेले असते.

सोंड फुलात खोल गेलेली असताना किंवा ओल्या मातीवर नर क्षार शोषत बसलेले असताना ते बरेच बेसावध असतात. झिनिया, कॉसमॉस, बडलिया अशा झाडांवर, जिथे अनेक लहान फुले एकत्र असतात, तिथे ते एकाच जागी जास्त वेळ रमते. अशा एका गुच्छावर आधीच फोकस धरून बसणे हे बागभर त्याच्या मागे पळण्यापेक्षा केव्हाही बरे. अंडी घालायला आलेली मादी मात्र पानावर क्षणभरच टेकते; ती त्याच जातीच्या झाडावर पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिथे थांबून वाट पाहावी.

काजवा

प्रकाशाच्या प्रश्नावर लिहितो, कारण येथे नैसर्गिक प्रकाशाचा जरा जास्तच कैवार घेतला जातो असे मला वाटते. भुंगेरे, माश्या, मुंग्या यांच्यासाठी १:१ च्या आसपास एफ/११ ला काम करायचे, तर तिथे परिणामकारक ॲपर्चर एफ/२२ चे असते. सावलीत त्याला पुरेसा उजेड नसतो आणि उन्हात असलेला उजेड कठोर असतो. फ्लॅश यातून सोडवतो, आणि शिवाय हालचालही गोठवतो. साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसवायचा फ्लॅश) १/१६ शक्तीवर असताना त्याचा झोत सुमारे १/१०,००० सेकंद टिकतो. हात किंवा फूल हलल्याने होणारी धूसरता त्यात उरतच नाही. हाय-स्पीड सिंकमध्ये (फ्लॅशसह फार वेगवान शटर वापरण्याच्या सोयीत) मात्र हा फायदा मिळत नाही, कारण तिथे फ्लॅश लागोपाठ अनेक लहान झोत टाकत राहतो. म्हणून शटर सिंकच्या मर्यादेत (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या कमाल वेगाच्या आत), बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५० च्या दरम्यान, ठेवावे.

मधमाशीचे उदाहरण घ्या. ती सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. पंखाची लांबी आणि त्याचा फेरा लक्षात घेऊन ढोबळ हिशेब केला, तर पंखाच्या टोकाचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास येतो. १/४००० सेकंदातसुद्धा ते टोक दीड मिमी सरकते, म्हणजे शटर कितीही वाढवला तरी पंख पुसटच येणार. कमी शक्तीवरचा फ्लॅश हाच त्यावर उपाय. अर्थात पुसट पंखांची मधमाशीच मला अधिक जिवंत वाटते, पण तो आवडीचा भाग झाला.

फ्लॅशची बदनामी झाली आहे ती उघडा फ्लॅश वापरल्यामुळे. भुंगेऱ्याची पाठ ही गोल आरशासारखी असते. तिच्यात प्रकाशाच्या स्रोताचे प्रतिबिंब जसेच्या तसे दिसते. स्रोत लहान असेल, तर एक पांढराफटक ठिपका आणि आजूबाजूला काळोख. स्रोत मोठा आणि जवळ असेल, तर तोच ठिपका पसरून मऊ चकाकी होते आणि पाठीचा खरा रंग दिसू लागतो. म्हणून डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) कीटकाच्या जितका जवळ आणि कीटकाच्या मानाने जितका मोठा, तितके चांगले. लेन्सच्या तोंडापर्यंत पुढे आणलेला, दुधी प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा तळहाताएवढा तुकडाही पुरतो. फ्लॅशवर बसवायची ती छोटी प्लास्टिकची टोपी या कामाला निरुपयोगी आहे.

पार्श्वभूमी काळी येते ही दुसरी तक्रार. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे किड्यापासून अर्धा मीटर मागे असलेल्या पानांपर्यंत तो पोहोचतच नाही. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० ते ८०० पर्यंत वाढवून पार्श्वभूमी नैसर्गिक प्रकाशावर सोडावी, किंवा किड्याच्या लगेच मागे एखादे पान येईल असा कोन निवडावा.

पाकोळी

काजवा, भुंगेऱ्यांच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य आहे. फुलपाखरांच्या बाबतीत मात्र नाही. त्यांच्या पंखांवर एकमेकांवर कौलांसारखे चढलेले खवले असतात आणि कित्येक जातींचा निळा किंवा जांभळा झळाळ हा रंगद्रव्याचा नसून खवल्यांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश परावर्तित होण्याच्या पद्धतीचा असतो, म्हणून प्रकाशाचा आणि पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. लेन्सच्या दिशेने येणारा सपाट फ्लॅश हा खेळ मारून टाकतो. अशा फुलपाखराभोवती थोडे सरकत, सूर्य बाजूला ठेवून, दोन-तीन कोनांतून चित्रे घ्यावीत. शिवाय स्किपर जातीची फुलपाखरे फ्लॅशला इतक्या चटकन दचकतात, की पहिल्या चित्रानंतर दुसरे मिळेलच याची शाश्वती नसते.

कडक ऊन मऊ करण्यासाठी रोपाच्या आणि सूर्याच्या मध्ये पातळ पांढरे कापड धरण्याची युक्तीही चांगली आहे, परंतु ती सुरवंट, भुंगेरे, कोष अशांसाठीच. ऊन खात बसलेल्या फुलपाखरावर कापडाची सावली आली, की ते उठून शेजारच्या उन्हात जाऊन बसते.

दुपार मात्र वाया गेली असे समजू नका. डोक्यावर ऊन आले, की काही जातींचे चतुर पोटाचा भाग सरळ सूर्याकडे उभा करून बसतात, जेणेकरून अंगावर कमीत कमी ऊन पडावे. त्यांची ही उभी ठेवण उन्हाळ्याच्या भर दुपारीच दिसते आणि चित्रात फार देखणी येते. चतुर उडाला तरी बहुधा त्याच काटकीवर परत येतो, त्यामुळे काटकीवर फोकस स्थिर ठेवून, कॅमेरा न हलवता थांबावे. सिरफिड माश्याही (फुलांवर येणाऱ्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या) एका जागी हवेत तरंगतात, क्षणात बाजूला झेप घेतात आणि पुन्हा जवळपास त्याच ठिकाणी येऊन तरंगू लागतात. ऑटोफोकस तिथे मागच्या पानांवर घसरतो. मॅन्युअल फोकस एका अंतरावर बांधून स्वतः किंचित पुढे-मागे झुलत लागोपाठ चित्रे घेतली, तर एखादे तरी नेमके साधते.

आणि एक विनंती. कीटक शांत बसावा म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवण्याचा किंवा त्याच्यावर पाणी फवारण्याचा सल्ला कुठे वाचनात आला, तर तो पाळू नये. गारठलेला कीटक पुरेशी ऊब मिळेपर्यंत उडू शकत नाही, आणि तेवढ्यात त्याला मुंग्या किंवा पक्षी गाठू शकतात. कोषातून नुकते बाहेर पडून ओले पंख लोंबवत असलेले फुलपाखरू सहज जवळ जाऊ देते, कारण त्याला उडताच येत नाही. तिथे फांदी हलवू नये आणि पंख वाळेपर्यंत लांबच्या लेन्सनेच काम भागवावे. कीटक शांत ठेवण्याचे काम पहाटेचा गारवा कोणत्याही फ्रिजपेक्षा चांगले करतो. दवात भिजलेले चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) त्या वेळी इतक्या स्थिर असतात, की तिपाईवर कॅमेरा ठेवून, फोकस थोडा थोडा पुढे नेत घेतलेली चित्रे नंतर संगणकावर एकत्र करणेही शक्य होते.

रानफूल

चित्र देखणे व्हावे हा एक उद्देश झाला. जात ओळखता यावी हा दुसरा, आणि त्यासाठी एकच सुंदर चित्र पुरत नाही. फुलपाखरांच्या कित्येक जवळच्या जाती पंखांच्या वरच्या बाजूने सारख्याच दिसतात आणि खालच्या बाजूवरील ठिपक्यांवरून ओळखाव्या लागतात, म्हणून दोन्ही बाजूंचे एकेक चित्र, ते साधे असले तरी, घेऊन ठेवावे. चतुर आणि टाचण्यांसाठी बाजूचे चित्र तर हवेच, पण वरून घेतलेलेही असावे, कारण नराच्या शेपटाच्या टोकावरील अंकुशांचा आकार तिथेच दिसतो. ज्या झाडावर सुरवंट सापडला त्या झाडाच्या पानाचेही छायाचित्र घ्यावे. जातीचा निम्मा उलगडा झाडावरूनच होतो. अशी चित्रे २००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दिनांक आणि ठिकाणासह चढवली, तर ओळखणारे लोक भेटतात आणि नोंदही उपयोगी पडते.

वेलांटी

सर्वांचे मनापासून आभार. क्लोज-अप लेन्सच्या मार्गाने जावे असे आता वाटते, मॅक्रोचे नंतर पाहता येईल. दोन गोष्टी मात्र अजून मनात आहेत. वारा असताना फूल सतत डुलत राहते, तेव्हा शटर किती ठेवावा, आणि लेन्समधील स्टॅबिलायझेशनवर किती विसंबावे? आणि पांढऱ्या फुलपाखरांचे पंख जळण्याविषयी कोणी काही सांगितले नाही.

भिंगवाला

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरते, फुलाला नाही. आणि जवळच्या अंतरावर हाताचाही पुरता भार ते उचलत नाही, कारण तिथे कॅमेरा कोनात हलण्याबरोबरच सरळ वर-खाली आणि आडवाही सरकतो, आणि साधी यंत्रणा फक्त कोनातली थरथर ओळखते. कॅननने २००९ मध्ये आणलेल्या १०० मिमीच्या मॅक्रोमध्ये दोन्ही प्रकारची थरथर सावरण्याची सोय आहे, तरी कंपनीच्याच सांगण्यानुसार एरवी मिळणारा चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) लाभ १:१ ला दोन स्टॉपवर येतो.

डुलणाऱ्या फुलाचा वेग सेकंदाला १० सेंमी धरला, तर १/५०० सेकंदात ते ०.२ मिमी सरकते. ०.२५ मॅग्निफिकेशनला हे सेन्सरवर ०.०५ मिमी होते, आणि तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ते साधारण बारा पिक्सेल भरते, म्हणजे धूसरता उघड दिसणार. तेव्हा १/१००० च्या वर जावे आणि त्यासाठी आयएसओ १६०० झाला तरी हरकत नसावी. रॉ (सेन्सरच्या कच्च्या माहितीच्या) स्वरूपातील चित्रात दाणे नंतर काढता येतात, पुसटपणा काढता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डुलणारे फूल दोन्ही टोकांना पोहोचून परत फिरताना क्षणभर थांबते. त्या टोकाच्या जागेवर फोकस धरून, फूल तिथे पोहोचत असतानाच बटण दाबावे. फुलाचा देठ एका हाताने धरून ठेवणारेही आहेत, पण फुलपाखरू बसलेले असताना तो प्रयोग सहसा यशस्वी होत नाही.

पांढऱ्या पंखांचे कारण असे, की कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतल्या एकंदर उजेडाची सरासरी धरतो. गडद हिरव्या पानांपुढे लहानसे पांढरे फुलपाखरू असेल, तर मीटर पानांना उजळ करायला जातो आणि पंख मर्यादेबाहेर जातात. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक ठेवावे. तेच फुलपाखरू जवळून घेतले आणि पांढऱ्या पंखांनीच चौकट भरली, तर मीटर पंख राखाडी करून टाकतो, आणि मग अधिक दोन-तृतीयांश द्यावे लागते. म्हणजे पांढऱ्यासाठी एकच ठरलेला आकडा नाही, चौकटीत ते किती जागा व्यापते यावर सगळे अवलंबून आहे. पहिल्या चित्राचा हिस्टोग्राम (गडद ते उजळ भागांचा आलेख) पाहावा, उजव्या भिंतीला टेकलेला दिसला तर एक-तृतीयांश स्टॉपने खाली यावे, आणि शिरा दिसू लागेपर्यंत तसेच करत जावे. शक्यतो ढगाचा पातळ पडदा सूर्यावर आल्यावर हे काम करावे; तेव्हा पंखांच्या पांढऱ्या भागातील बारीक राखाडी छटाही टिकतात आणि कॉम्पेन्सेशनची फारशी गरज पडत नाही.